शस्त्रक्रियेपूर्वीचे लंघन : एका नियमाचा इतिहास

उपवास म्हणजे काय, हे जैन समाजाला नव्याने शिकवावे लागत नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनाला पहिले स्थान आहे. त्याच्या पाठोपाठ ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, येते. नवकारसी, पोरिसी, एकासन, आयंबिल, उपवास, अठ्ठाई हे शब्द घराघरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतात. सूर्यास्तानंतर अन्न न घेणे हा तर कितीतरी कुटुंबांचा नित्यनेम आहे. अशा घरातील एखादे आजोबा किंवा आजी हर्नियाच्या अथवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होतात आणि परिचारिका सांगते, "रात्री बारानंतर काही खायचे-प्यायचे नाही." त्यांना त्यात काहीच कठीण वाटत नाही. "आम्हाला सवय आहे" असे म्हणून ते सूर्यास्तालाच अन्न आणि पाणी दोन्ही बंद करतात. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियांचा क्रम लांबतो आणि त्यांची पाळी दुपारी एक वाजता येते. सायंकाळी साडेसहापासून मोजले तर साडेअठरा तास होतात. तोवर ओठ सुकलेले असतात, डोके दुखत असते, रक्तवाहिनी सापडता सापडत नाही आणि भूल देण्यापूर्वीच रुग्ण थकून गेलेला असतो.

या साडेअठरा तासांपैकी वैद्यकशास्त्राला खरोखर किती तास हवे होते? या प्रश्नाचे उत्तर आज स्पष्टपणे देता येते. मात्र तेथवर पोहोचण्यास आधुनिक भूलशास्त्राला जवळजवळ दीड शतक लागले. शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे का ठेवावयाचे, किती वेळ ठेवावयाचे आणि पाण्याचे काय करावयाचे, या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे. उपवासाशी इतके जवळचे नाते असलेल्या समाजाने तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

सुश्रुतांचा दंडक

भारतीय शल्यतंत्राचा आद्य ग्रंथ जी सुश्रुतसंहिता, तिच्या सूत्रस्थानात या विषयावर दोन ठिकाणी विचार आलेला आहे. तो आजच्या वाचकाला काहीसा चकित करणारा आहे. सतराव्या अध्यायात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला त्याच्या आवडीचे अन्न द्यावे असे सांगितले आहे. ज्याला वेदना सहन होत नाही आणि ज्याला मद्याची सवय आहे, त्याला तीक्ष्ण मद्य द्यावे, असेही तेथे म्हटले आहे. कारणही दिले आहे : अन्नाच्या आधाराने रुग्ण मूर्च्छित होत नाही आणि मद्याच्या अमलाखाली त्याला शस्त्राची जाणीव होत नाही. ज्या काळी भूल नव्हती, रुग्ण जागा असे आणि शस्त्रकर्म लवकर उरकावे लागे, त्या काळी हे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. जाग्या माणसाच्या घशाची राखण त्याचे शरीर स्वतःच करीत असते.

परंतु पाचव्या अध्यायात याला महत्त्वाचा अपवाद येतो. मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग या विकारांत रुग्णाला अनशेपोटी ठेवूनच कर्म करावे, असा तेथे दंडक आहे. पोट, गुदमार्ग आणि तोंड यांच्याशी संबंधित शस्त्रकर्मांना वेगळा नियम आणि इतरांना वेगळा, असा हा भेद आहे. सर्व रुग्णांना एकच नियम लावण्याऐवजी रोग आणि कर्म पाहून नियम ठरविण्याची ही दृष्टी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधुनिक वैद्यकाने ती मध्यंतरी गमावली आणि पुढे मोठ्या प्रयासाने परत मिळविली.

भूल आली आणि नवे संकट आले

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरच्या वाफेने रुग्णाला बेशुद्ध करून दाखविले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. ही विद्या आश्चर्यकारक वेगाने जगभर पसरली. २२ मार्च १८४७ रोजी, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटलात ईथरचा प्रयोग झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण ओळखला. क्लोरोफॉर्मचा वास ईथरइतका उग्र नसे आणि त्याची भूलही लवकर चढे. त्यामुळे थोड्याच दिवसांत ते ईथरपेक्षा लोकप्रिय झाले.

मात्र वेदना हरण करणारी ही निद्रा साधी झोप नव्हे. झोपलेल्या माणसाच्या घशात पाण्याचा थेंब गेला तरी तो खोकून जागा होतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात शेजारी शेजारी उघडतात. गिळताना श्वासनलिकेचे दार मिटते आणि चुकून काही आत शिरलेच तर ठसका लागून ते बाहेर फेकले जाते. गाढ भूल दिली की हे दोन्ही रक्षक निजतात. पोटात अन्न असेल आणि ते वर आले, तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकते. घन अन्नाचा तुकडा असेल तर श्वास कोंडतो. जठरातील आम्लरस असेल तर फुप्फुसे आतून भाजून निघतात. शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचे मूळ कारण एवढेच आहे. रक्तशुद्धीशी, औषध लागू पडण्याशी किंवा शरीर हलके करण्याशी त्याचा संबंध नाही.

हे कारण उमगण्यास एका मुलीचा मृत्यू निमित्त ठरला. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या विनलेटन या गावी हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याचे नख काढावयाचे होते. काम किरकोळ होते. तिला क्लोरोफॉर्म देण्यात आले आणि काही क्षणांतच तिची स्थिती बिघडली. शुद्धीवर आणण्यासाठी भोवतालच्या मंडळींनी तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली. काही मिनिटांतच ती दगावली. क्लोरोफॉर्मखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू होय. क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते सिम्पसन यांनी मत दिले की, मुलगी औषधाने मेली नाही, घशात ओतलेल्या द्रवाने गुदमरली. इतरांनी क्लोरोफॉर्मचा हृदयावर झालेला परिणाम हेच कारण मानले. तो वाद कायमचा मिटला नाही. परंतु बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालणे हे जीवघेणे ठरू शकते, हा विचार त्या वादातून वैद्यकात रुजला.

पाण्याला मोकळीक असलेला काळ

यानंतर लगेचच "मध्यरात्रीनंतर काही नको" असा नियम झाला असेल, अशी कोणाचीही समजूत होईल. वस्तुस्थिती तशी नाही. लंडनचे डॉ. जॉन स्नो हे पहिल्या पिढीतील सर्वांत विचारी भूलतज्ज्ञ होते. १८५४ मध्ये लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणि पटकीची साथ यांचा संबंध दाखविणारे तेच हे स्नो. त्यांनी १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले होते. त्यांच्या निधनानंतर १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे की, पोटात बरेच अन्न असताना क्लोरोफॉर्म दिल्यास उलटी होण्याचा संभव फार असतो. त्यामुळे सकाळच्या न्याहारीपूर्वीची वेळ उत्तम. ती न साधल्यास पुढच्या जेवणाची वेळ होत आली असता शस्त्रक्रिया करावी. म्हणजे एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंतचे स्वाभाविक अंतर त्यांना पुरेसे वाटत होते. रुग्णाला दिवसभर उपाशी ठेवण्याची कल्पनाही त्यांच्या मनात नव्हती.

जंतुनाशक शल्यतंत्राचे जनक जोसेफ लिस्टर यांनी तर १८८० च्या दशकाच्या आरंभी आणखी स्पष्ट भेद केला. क्लोरोफॉर्म देताना पोटात घन पदार्थ नसावा, हे त्यांना मान्य होते. मात्र सुमारे दोन तास आधी पेलाभर चहा किंवा तत्सम पातळ पेय देणे हितकारक असते, असे त्यांनी नमूद केले. घन अन्न वेगळे आणि पेय वेगळे, हा भेद त्यांनी केला आणि पेयासाठी दोन तासांची मर्यादा सांगितली. आजचा नियम याहून फारसा निराळा नाही.

या भेदाला प्रत्यक्ष निरीक्षणाचाही आधार होता. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीची गोळी शिरली. तो वाचला, परंतु जठरापर्यंत पोहोचणारे एक छिद्र कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले आणि ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात निरनिराळ्या पदार्थांच्या पचनकाळाचा तक्ता आहे. उकडलेल्या तांदळाला एक तास, तर स्निग्ध मांसाला पाच तासांहून अधिक वेळ लागतो असे त्यात दिसते. पाणी मात्र जठरात फार वेळ थांबत नाही, असे त्यांना आढळले. एका गरीब माणसाच्या दुर्दैवी जखमेतून मानवजातीला हे ज्ञान मिळाले, ही गोष्टही विसरता येत नाही.

१९४६ चा निबंध आणि मध्यरात्रीचा नियम

विसाव्या शतकाच्या मध्यास परिस्थिती बदलली. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळात त्यांच्या रुग्णालयात झालेल्या ४४,०१६ प्रसूतींपैकी ६६ मातांच्या फुप्फुसात भूल चालू असताना जठरातील पदार्थ गेल्याची नोंद त्यांना आढळली. यातील दोन माता दगावल्या. दोघींच्याही बाबतीत घन अन्नाने श्वास कोंडला होता. द्रव पदार्थ फुप्फुसात गेलेल्या माता गंभीर आजारी पडल्या, पण बचावल्या. मेंडेल्सन यांनी सशांवर प्रयोग करून जठराम्ल हेच फुप्फुसदाहाचे कारण असल्याचे दाखविले. प्रसूतिकळा सुरू झाल्यावर तोंडाने अन्न देऊ नये, आम्लनाशक औषध द्यावे आणि भूल देण्याचे काम जाणत्या व्यक्तीकडेच असावे, अशा सूचना त्यांनी केल्या.

या सूचना प्रसूत होणाऱ्या मातांसाठी होत्या. गरोदरपणात आणि कळांच्या वेळी जठर संथपणे रिकामे होते आणि त्या काळी श्वासनलिकेत नळी न घालता केवळ मुखवट्यानेच भूल दिली जाई. परंतु भीतीला मर्यादा राहिली नाही. हळूहळू हाच धडा सर्व रुग्णांना लावला गेला. १९६० च्या दशकापर्यंत घन अन्न आणि पाणी यांतील भेद पाठ्यपुस्तकांतून पुसट होत गेला आणि "मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही" हे वाक्य जगभरच्या वॉर्डांत रूढ झाले.

हा नियम टिकण्यामागे सोय हे मोठे कारण होते. शस्त्रक्रियांचा क्रम सकाळी बदलू शकतो. आठ वाजताचा रुग्ण बाराला जातो आणि बाराचा आठला येतो. प्रत्येकाला वेगळी वेळ सांगण्यापेक्षा सर्वांना एकच वेळ सांगणे परिचारिकांना सोपे जाते. सकाळी आठ वाजता ज्याची शस्त्रक्रिया आहे त्याचे मध्यरात्रीपासून आठ तास होतात आणि ते योग्यच आहे. दुपारी दोन वाजता ज्याची पाळी आहे त्याचे मात्र चौदा तास होतात. त्याच्या घशाला कोरड पडली तर तो नियमाचा दोष आहे, असे कोणालाच वाटत नसे.

पुढे १९७४ मध्ये रॉबर्ट्स आणि शर्ली या दोघा संशोधकांनी लिहिले की, जठरात २५ मिलिलिटरहून अधिक आणि तीव्र आम्लधर्मी द्रव असेल तर रुग्णाला धोका संभवतो. हा आकडा माकडावरील प्राथमिक प्रयोगावरून काढलेला होता. त्या प्रयोगात आम्ल थेट फुप्फुसात सोडण्यात आले होते. जठरात असलेला सर्वच द्रव फुप्फुसात जात नाही, ही साधी गोष्ट बाजूला राहिली आणि २५ मिलिलिटर हा आकडा वर्षानुवर्षे ग्रंथांतून उद्धृत होत राहिला. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी पुन्हा माकडांवरच प्रयोग करून त्या मर्यादेच्या दुप्पट प्रमाण सांगितले. एका अपुऱ्या प्रयोगापायी असंख्य रुग्ण तहानलेले राहिले आणि त्याची दुरुस्ती करण्यासाठी आणखी मुक्या जीवांना किंमत मोजावी लागली. अहिंसाधर्मी वाचकाला ही गोष्ट सलल्यावाचून राहणार नाही.

तहानलेल्यांची बाजू

नियमाला पहिला मोठा धक्का १९८६ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथून बसला. डॉ. रॉजर मॉल्टबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियोजित शस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी काहींना सुमारे अडीच तास आधी १५० मिलिलिटर पाणी पाजले आणि काहींना नेहमीप्रमाणे कोरडे ठेवले. भूल दिल्यानंतर दोन्ही गटांच्या जठरातील द्रव मोजला. पाणी प्यालेल्यांच्या पोटात द्रव अधिक असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो कमी निघाला.

याचे कारण जठराच्या स्वभावात आहे. जठर हे नुसते भांडे नसते. काही खाल्ले-प्यायले नाही तरी ते स्वतःचा रस स्रवतच असते आणि दिवसभर गिळली जाणारी लाळही त्यात येते. त्यामुळे कितीही तास उपाशी राहिले तरी पोट पूर्ण रिकामे असे कधी होतच नाही. साधे पाणी मात्र जठरातून झपाट्याने पुढे सरकते. प्यायलेल्या पाण्यापैकी निम्मे सुमारे दहा ते वीस मिनिटांत आतड्यात उतरते आणि जाताना साचलेला रसही पुढे ढकलते. घन अन्नाची गोष्ट निराळी आहे. ते आधी दळले जाऊन बारीक व्हावे लागते. त्यात तूप-तेल असेल तर हे काम आणखी लांबते.

भूल देताना जठरातील पदार्थ फुप्फुसात जाण्याचे प्रसंग मुळात किती घडतात, याचीही मोजदाद झाली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,१५,४८८ वेळा दिलेल्या संपूर्ण भुलीत असे ६७ प्रसंग आढळले. हे प्रमाण ३,२१६ मध्ये एक असे पडते. नियोजित शस्त्रक्रियांत ते ३,८८६ मध्ये एक होते, तर तातडीच्या शस्त्रक्रियांत ८९५ मध्ये एक. धोका आहे, परंतु तो मुख्यतः तातडीच्या आणि आधीच गंभीर आजारी असलेल्या रुग्णांत एकवटलेला आहे, हे यातून दिसले.

१९९३ मध्येच नॉर्वेच्या भूलतज्ज्ञांनी राष्ट्रीय पातळीवर नियम बदलला आणि शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी पिण्यास मुभा दिली. १९९९ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने हीच मर्यादा स्वीकारली. २०११ मध्ये युरोपीय संघटनेनेही तशाच मार्गदर्शक सूचना काढल्या. भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेने २०२० मध्ये याविषयी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या. लहान मुलांच्या बाबतीत युरोपीय संघटनेने २०२२ मध्ये एक तास आधीपर्यंत पाणी चालेल असे म्हटले. लिस्टर यांनी सांगितलेल्या दोन तासांशी जग एका शतकाने परत येऊन पोहोचले.

कागदावरचा नियम बदलला तरी वॉर्डातील सवय लगेच बदलत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्ण सरासरी १२ तास पाण्यावाचून आणि १४ तास अन्नावाचून राहिलेले आढळले. एखाद्या रुग्णाने तर २० तास पाणी घेतले नव्हते. नव्या सूचना निघून तेव्हा तीन वर्षे झाली होती.

आजचा नियम

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी आज सर्वमान्य असलेला नियम थोडक्यात असा आहे. साधे पाणी आणि ज्यातून आरपार दिसते असे दूध-गर नसलेले पेय दोन तास आधीपर्यंत चालते. तान्ह्या बाळाला आईचे दूध चार तास आधीपर्यंत देता येते. गाई-म्हशीचे दूध, दुधाचा चहा, ताक आणि हलके जेवण यांसाठी सहा तास सोडावे लागतात. तळलेल्या अथवा तुपकट जेवणानंतर आठ किंवा अधिक तास जाऊ द्यावे लागतात. येथे एक चूक वारंवार होते. चहा पातळ असतो म्हणून तो पाण्यात मोजला जातो. दूध जठरात गेल्यावर त्याचे दही होते आणि ते घन अन्नासारखेच वागते. म्हणून दुधाचा चहा अन्नातच धरावा. पारण्याला घेतले जाणारे मुगाचे पाणी, राबडी इत्यादींचीही गणना अन्नातच करावी.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. अपघात, आतड्याचा अडथळा, प्रसूतिकळा, दीर्घकालीन मधुमेहामुळे मंदावलेले जठर अशा स्थितीत किती तास झाले याला अर्थ राहत नाही. तेथे पोट भरलेलेच आहे असे धरून भूलतज्ज्ञ वेगळी पद्धत वापरतात. मधुमेहासाठी आणि वजन घटविण्यासाठी अलीकडे प्रचारात आलेली सेमाग्लुटाइडसारखी औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. २०२३ मध्ये अमेरिकन संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी ती थांबविण्याचा सल्ला दिला. २०२४ मध्ये तो सल्ला सौम्य करून रुग्णागणिक निर्णय घ्यावा असे ठरले. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ आता सोनोग्राफीने जठर पाहूनच निश्चय करतात. रोग आणि रुग्ण पाहून नियम ठरविणे, ही सुश्रुतांची दृष्टी अशा रीतीने नव्या साधनांसह परत आली आहे.

तप वेगळे, लंघन वेगळे

जैन परंपरेने आहाराचे अशन, पान, खादिम आणि स्वादिम असे चार प्रकार फार पूर्वीच मानले आहेत. चारही आहारांचा त्याग तो चौविहार आणि पाण्याची मोकळीक ठेवून उरलेल्या तिघांचा त्याग तो तिविहार. आधुनिक वैद्यकाने शंभर वर्षांत जो प्रवास केला, तो या परिभाषेत एका वाक्यात सांगता येईल : रुग्णालयांनी सर्वांवर सरसकट चौविहार लादला होता. आता शास्त्र म्हणते की, शेवटचे दोन तास सोडले तर तिविहार पुरेसा आहे.

परंतु साम्य येथेच संपते. तप हे स्वेच्छेने, समजून-उमजून आणि प्रत्याख्यानपूर्वक केले जाते. त्याचा हेतू कर्मनिर्जरा हा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे लंघन हा श्वासमार्गाच्या रक्षणाचा उपाय आहे. यादी लांबल्यामुळे घडलेल्या तहानेला तपाचे नाव दिले म्हणून ती तप होत नाही आणि अधिक तास कोरडे राहिल्याने शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित होते असेही नाही. उलट शरीरातील पाणी कमी होते, रक्तदाब उतरण्याचा संभव वाढतो आणि मधुमेहाच्या रुग्णाची साखर घसरू शकते. वृद्ध आणि बालके यांना हा ताण विशेष जाणवतो.

ज्यांचा रात्री चौविहार असतो, त्यांनी वेळेचा हिशेब आधी मांडावा. समजा सूर्योदय साडेसहाला आहे. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे ७ वाजून १८ मिनिटांनी येते. शस्त्रक्रिया दहा वाजता असेल तर आठ वाजेपर्यंत पाणी चालते. म्हणजे नवकारसी पाळूनही पेलाभर पाणी घेण्यास चाळीस मिनिटे मिळतात. शस्त्रक्रिया नऊ वाजता असेल तर पाण्याची मर्यादा सात वाजताच संपते आणि नवकारसीची वेळ तिच्यानंतर येते. शस्त्रक्रिया दुपारी असेल तर पोरिसीचा विचारही करता येतो, परंतु प्रकृती पाहूनच. रक्तदाबासारख्या नित्याच्या गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्याव्यात की नाहीत, हे डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावे. पोरिसी इत्यादी प्रत्याख्यानांच्या पाठातच समाधी टिकविण्यासाठी आगार ठेवलेले आहेत. आजारपणात औषध घेण्याची सोय पूर्वाचार्यांनी विचारपूर्वक करून ठेवली आहे. शंका असल्यास ती गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या सकाळी खाटेवर पडून त्याचा निर्णय करणे कोणालाच सोपे जात नाही.

वर्षीतप, अठ्ठाई किंवा मासक्षमण चालू असताना अथवा नुकतेच पारणे झालेले असताना नियोजित शस्त्रक्रिया ठरत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. दीर्घ उपवासानंतर शरीरातील क्षारांचे प्रमाण बदललेले असते आणि अन्न पुन्हा सुरू होताना ते आणखी ढळू शकते. भूलतज्ज्ञाला हे ठाऊक असेल तर तो रक्ततपासणी करून वेळ ठरवितो. ठाऊक नसेल तर तो अंधारात असतो. संकोचाने किंवा "डॉक्टर रागावतील" या भीतीने तप न सांगणे हे रुग्णाच्या जीवावर बेतू शकते. त्याचप्रमाणे चुकून काही खाल्ले-प्यायले गेले असेल तर तेही न लाजता सांगावे. त्यामुळे फार तर शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल. खोटे बोलून टळलेले हे काही तास मात्र घातक ठरू शकतात. सत्य हे व्रत येथे अक्षरशः प्राणरक्षक आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटतात, तेव्हा रुग्णाने अथवा नातेवाईकांनी घन अन्न कधी बंद करावयाचे, पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि पाळी पुढे ढकलली गेली तर काय करावयाचे, हे स्पष्ट विचारून घ्यावे. मिळालेली वेळ कागदावर लिहून ठेवावी. डॉक्टरांनी एखाद्या रुग्णासाठी अधिक कडक नियम सांगितला, तर त्यामागे रोगाचे कारण असते आणि तो काटेकोरपणे पाळावा. प्रत्येक कृतीत जयणा राखावी, हा संस्कार या समाजाला बालपणापासून मिळालेला असतो. रुग्णखाटेवरील देहाच्या बाबतीतही तोच संस्कार उपयोगी पडतो. आवश्यक तेवढेच लंघन करावे, आवश्यक ते पाणी घ्यावे, आणि तपाची आराधना देह सुदृढ झाल्यावर प्रसन्न चित्ताने पुन्हा सुरू करावी.